एकमत

बुधवारी दुपारी हृदयविभागात जर्नल क्लब असे. वैद्यकीय मासिकात आलेला एखादा अभ्यास शिकाऊ डॉक्टरांनी वाचून यायचा, सगळ्यांसमोर मांडायचा, आणि त्यात खरं किती, पोकळ किती, आपल्या पेशंटच्या कामाचं किती, हे मिळून ठरवायचं, असा तो कार्यक्रम. कल्पना उत्तम होती. पण या विभागात त्याचा आखाडा झाला होता, कारण लांबट टेबलाच्या एका टोकाला सासरे बसत आणि दुसऱ्या टोकाला सून.

सासरे म्हणजे विभागाचे प्रमुख, मोठे सर. उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावणारे. सून म्हणजे मॅडम, शिकाऊ डॉक्टरांना शिकवण्याची जबाबदारी जिच्याकडे होती ती. सासऱ्यांच्या वशिल्याने लागली असं बाहेरचे लोक खुशाल बोलत. खरी गोष्ट अशी, की तिच्या मुलाखतीत तिच्या विरोधात मत देणारे एकटे सासरेच होते, आणि हे त्यांनी त्याच संध्याकाळी घरी येऊन तिला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवसापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

जर्नल क्लबच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर पडदा, छताला घरघरणारा प्रोजेक्टर, मोडक्या हातांच्या खुर्च्या, आणि कोणीच हात न लावलेली बिस्किटांची बशी. मॅडमची शिकवण्याची एक रीत होती. अभ्यासाचा निष्कर्ष आधी वाचायचा नाही म्हणजे नाही. आधी पहिला तक्ता उघडायचा. यात कुठले पेशंट घेतले? कुठले वगळले? आणि माझ्या समोरच्या खाटेवरचा माणूस या अभ्यासात बसला असता का? एवढं सांगता आलं नाही तर ती पोराला सगळ्यांसमोर खाली बसवी, आणि बसवताना जे बोले ते ऐकून भल्याभल्यांचे डोळे भरून येत. स्वभावाने ती काही गोड नव्हती. सासऱ्यांचा तिटकारा करता करता तिने त्यांची जीभ मात्र उचलली होती.

त्या बुधवारी पहिल्या वर्षाची एक मुलगी पेपर मांडायला उभी होती. काडीसारखी बारीक, आणि प्रश्न विचारायला लागली की टोचायची, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. पेपर एका गोळीवरचा होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ज्या माणसांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात अशांना अभ्यासात घेतलं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. गोळी घेणाऱ्यांचे ईसीजी सुंदर झाले, चुकणारे ठोके गेले.

“आणि माणसं?” मॅडमने विचारलं.

“माणसं जास्त मेली, मॅडम,” टाचणी म्हणाली. “गोळी घेणाऱ्या गटात.”

खोलीत सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकं घातलं. कारण ही गोळी मोठ्या सरांची लाडकी होती. वॉर्डात अटॅक येऊन गेलेल्या, ठोके चुकणाऱ्या प्रत्येक पेशंटला ती सुरू व्हायची, आणि ती का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

“मी ही गोळी तुमच्या जन्माच्या आधीपासून देतोय,” मोठे सर म्हणाले. बोलणं टाचणीकडे बघून असलं तरी रोख टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे होता. “माझे पेशंट मला रस्त्यात थांबवून सांगतात, डॉक्टर, तुमच्यामुळे जगलो.”

“जे मेले ते रस्त्यात भेटत नाहीत, सर,” मॅडम म्हणाली.

कोणाचं तरी पेन खाली पडलं आणि उचलायला कोणी वाकलं नाही. मोठ्या सरांचा चेहरा लालबुंद झाला. “मॅडमना माणसांपेक्षा तक्ते जवळचे आहेत, हे घरात आम्हाला ठाऊक होतंच. आता तुम्हालाही कळलं. वॉर्डात गोळी चालू राहील. प्रमुख अजून मी आहे.” आणि खुर्ची करकरवत ते निघून गेले.

मॅडमने उरलेला तास शांतपणे पुरा केला. पण मनातून ती खूश होती. म्हाताऱ्याला असा बोचकारा आजवर कोणी काढला नव्हता.

भांडण घरी आलं ते जेवणाच्या टेबलावर. घरात माणसं चार. सासरे, सून, सासूबाई आणि नवरा. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि घरी आलं की स्वतःचं मिटून ठेवायचं, हे त्याचं धोरण, आणि त्या धोरणावर तो सुखात होता. सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. पोरांना नदीचा उगम पाठ करायला लावण्यापेक्षा नदीवर घेऊन जाणारी ती बाई. अजूनही रोज सकाळी बूट घालून तळ्याला फेरी मारून यायची, आणि बरोबर चालणाऱ्या तरण्याताठ्या बायकांना धाप लागायची. घरात सुनेचं कोणाशी खरंखुरं पटत असेल तर ते या सासूशी.

“आज परत लागलं वाटतं तुमचं,” ताटात वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या. “काय झालं?”

“बाबांची लाडकी गोळी माणसं मारते,” सून म्हणाली. “छापून आलंय. तरी बाबा ती वॉर्डात बंद करणार नाहीत.”

“कुठली गोळी?”

सुनेने नाव सांगितलं. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला.

“अगं, ती तर मी घेते. माझ्या धडधडीवर. किती वर्षं झाली.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “मग मी काय करू? घेऊ की नको?”

आता इथे तिने थांबायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराने असं न विचारता उत्तर दिलं असतं तर मॅडमने त्याला उभं सोललं असतं. धडधड म्हणजे कसली? कधीपासून? अटॅक येऊन गेला होता का? हृदय कसं आहे? यातला एकही प्रश्न तिने विचारला नाही. ती सासूबाईंकडे बघतही नव्हती. तिची नजर सासऱ्यांवर होती, आणि जे बोलली ते त्यांना ऐकवण्यासाठी बोलली.

“आई, मी तुमच्या जागी असते तर उद्यापासून त्या गोळीला हात लावला नसता.”

सासूबाईंनी मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरानेही घाबरत घाबरत बापाकडे पाहिलं. सासऱ्यांनी घास चावून गिळला. पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला. मग म्हणाले, “भाजी वाढ जरा.”

बस. एवढंच. सुनेला आपल्या कानांवर विश्वास बसेना. कॉलर कशी धुवावी यावरसुद्धा मत असणारा माणूस गप्प झाला होता. हरला, असंच तिला वाटलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी गोळी सोडली. सासरे रोज सकाळी चहाच्या वेळी बायकोच्या शेजारी बसून तिचं मनगट हातात घेऊ लागले. म्हातारपणी यांना प्रेम आलं वाटतं, असं सासूबाई हसून म्हणाल्या, आणि सुनेलाही त्या दृश्याची थोडी गंमत वाटली. दिवस चांगले चालले होते. पुढच्या बुधवारी मोठे सर जर्नल क्लबला आलेच नाहीत.

मग एका सकाळी तळ्यावरून परत येताना, घराच्या पायऱ्या चढता चढता सासूबाईंच्या छातीत घोडे उधळले. त्यांनी कठडा धरायला हात पुढे केला, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठडा सापडलाच नाही. त्या वरच्या पायरीवरून खाली कोसळल्या. आवाज ऐकून सून बाहेर धावली तेव्हा त्यांचा एक पाय नको तसा बाहेर वळला होता, आणि त्या ओरडतसुद्धा नव्हत्या. नुसत्या सुनेकडे बघत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इमर्जन्सीत मॉनिटरवर ठोके मोजता येऊ नयेत इतके धावत होते. ड्यूटीवर टाचणी होती. मोठे सर धापा टाकत आले, टाचणीला बाजूला सारलं आणि शिरेतून औषध दिलं. तेच औषध. गोळीतलं. सून बघत राहिली. हळूहळू ठोके उतरले, रेघ एका लयीत चालू लागली, आणि सासूबाईंनी डोळे उघडले.

मग टाचणीने छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून हृदय पडद्यावर दाखवलं. निरोगी हृदय. अटॅकची कुठे खूण नाही, झडपा उत्तम, भिंती उत्तम. तरण्या पोरीचं असावं तसं हृदय. फक्त त्याला अधूनमधून उधळायची खोड होती, आणि ती खोड त्या गोळीने इतकी वर्षं बांधून ठेवली होती.

 सुनेला कोणी समजावून सांगायची गरज लागली नाही. हेच तर ती दर बुधवारी पोरांच्या डोक्यात हाणत होती.

कॉरिडॉरमध्ये सासरे तिच्याजवळून गेले. थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, “मॅडम, या बुधवारी केस मी मांडणार आहे. रजा घेऊ नका.”

रजा घ्यावी असं तिच्या मनात शंभरदा आलं. नवरा म्हणाला, “जाऊ नकोस ना. पोटात दुखतंय म्हण.” त्याच्या धोरणात ते बसत होतं. तिच्या बसत नव्हतं. ती गेली.

खोली खच्चून भरली होती. शेजारच्या विभागातले लोकसुद्धा भिंतीला टेकून उभे होते. कोणाची चामडी सोलली जाणार असली की दवाखान्यात बातमी वाऱ्यासारखी पसरते. मोठे सर पडद्याजवळ उभे होते. जर्नल क्लबमध्ये त्यांना उभं राहिलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि सुरुवात केली.

“पेशंट वयस्कर बाई. तरुणपणापासून अचानक धडधड सुटते. या गोळीवर इतकी वर्षं धडधड एकदाही नाही. रोज तळ्याला फेरी. घरातल्या एका विद्वान डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बंद. त्यानंतर धडधड, पडणं, खुब्याचं फ्रॅक्चर, ऑपरेशन. मॅडम, जरा उभ्या राहता का?”

ती उभी राहिली.

“मागच्या महिन्यात आपण जो पेपर वाचला, त्यात कुठले पेशंट घेतले होते?”

“हार्ट अटॅक येऊन गेलेले.”

“मोठ्याने. मागच्यांना ऐकू जात नाही.”

“हार्ट अटॅक येऊन गेलेले,” ती म्हणाली.

“या बाईंना अटॅक येऊन गेला होता?”

“नाही.”

“मग ही बाई त्या अभ्यासात बसली असती का?”

“नाही, सर.”

“गोळी बंद करा म्हणण्याआधी तुम्ही तिला काय काय विचारलंत?”

“काही नाही.”

“काही नाही,” मोठ्या सरांनी तिचे शब्द चघळत परत उच्चारले, आणि पोरांकडे वळले. “लिहून घ्या. पेपर बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मी तो त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा वाचला. आजपासून वॉर्डात अटॅक येऊन गेलेल्या एकाही पेशंटला ही गोळी जाणार नाही. पेपर चुकला नाही. मॅडम चुकल्या.”

खोलीत टाचणी पडली तर आवाज येईल अशी शांतता होती. पण टाचणी पडली नाही, उभी राहिली.

“सर, एक प्रश्न आहे.”

“विचारा.” मोठे सर खुशीत होते.

“गोळी बंद झाल्यावर धडधड सुटेपर्यंत मधल्या काळात पेशंटवर कोणाचं लक्ष होतं का?”

“अर्थात होतं. रोज सकाळी मी स्वतः तिची नाडी बघत होतो.”

“का बघत होतात, सर?”

मोठ्या सरांनी तोंड उघडलं. उत्तर इतकं सोपं होतं की ते जिभेवर येऊन बसलं होतं, आणि आता त्यांना ते गिळताही येईना. एव्हाना ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” टाचणी म्हणाली.  “आजींना त्या गोळीची गरज आहे हे माहीत होतं. मग त्यांना सांगितलं का नाही? कुठल्याही अभ्यासात पेशंटला आधी सांगावं लागतं ना, सर? मॅडमनी आम्हाला तेच शिकवलंय.”

“बसा खाली.”

“सर, पण...”

“बसा म्हणतोय ना!”

टाचणी बसली. मोठे सर पडद्याकडे वळले. मग कोणाकडेही न बघता खोलीबाहेर गेले.

आणि मॅडम? खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. पाजी, हलका आनंद. इतके दिवस ती एकटी अपराधी होती, आता तिला जोडीदार मिळाला होता. म्हातारा त्या दिवशी हरून गप्प बसला नव्हता, दबा धरून बसला होता. सुनेला तोंडघशी पाडायला त्याने स्वतःची बायको डावावर लावली होती. कधी एकदा हे सासूबाईंना जाऊन सांगते असं तिला झालं. दोन मजले चढेपर्यंत तो आनंद टिकला. तिसऱ्या मजल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली, पण पाय काही मागे फिरले नाहीत.

सासऱ्यांनी लिफ्ट घेतली होती. दोघं खाटेजवळ एकदमच पोहोचले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. सासूबाई उशांना टेकून पडल्या होत्या. एवढ्या दिवसांतच त्यांचा चेहरा उतरला होता, हाताची कातडी सैल पडली होती. खाटेशेजारी नवा कोरा वॉकर उभा होता, अजून कोणी न वापरलेला.

“काय, संपली का कुस्ती?” त्या म्हणाल्या. “सिस्टर सांगत होती, आज मोठा फड रंगला म्हणे.”

“हिने तुला काही न विचारता गोळी सोडायला लावली,” सासरे म्हणाले. “सगळ्यांसमोर कबूल केलं आज.”

“आई, बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” सून म्हणाली. “तुम्हाला त्रास होणार हे ठाऊक असून ते गप्प राहिले. मला चुकीचं ठरवायला. रोज मनगट धरायचे ते काय प्रेमाने नाही.”

“धडधड सुटली की मी लगेच सावरणार होतो. मी घरातच होतो.”

“पायरीवर होतात का, बाबा?”

“तू तोंड सांभाळून बोल!”

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वर करून पाहिलं. सासूबाईंनी दोघांनाही बोलू दिलं. शाळेत भांडून आलेल्या पोरांचं आधी सगळं ऐकून घ्यायची त्यांची जुनी सवय होती. दोघांचं बोलून झाल्यावर त्यांनी अंगावरची चादर सारखी केली.

“मला डॉक्टरकी कळत नाही,” त्या म्हणाल्या. “गोळी बरी की वाईट हे मला कुठून समजणार? मला समजतात ती तुम्ही दोघं. ही पूर्व म्हणाली की तुम्ही पश्चिम म्हणता. तुम्ही दार लावा म्हणालात की ही उघडते. आमटीतल्या मिठावर तुमचं कधी एक झालं नाही. त्या दिवशी ही म्हणाली गोळी सोडा, म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हे उसळतील. तर तुम्ही भाजी मागितलीत.”

सासरे खाटेच्या लोखंडी कडेकडे बघत होते.

“मला वाटलं, या घरात पहिल्यांदा तुमचं एकमत झालंय. आणि तुम्हा दोघांचं ज्याच्यावर एकमत होईल, ते किती खरं असलं पाहिजे! तिथे मी शंका कसली काढू? म्हणून सोडली. नुसत्या हिच्या सांगण्यावरून नाही सोडली, नुसत्या तुमच्या गप्प बसण्यावरूनही नाही. दोघांच्या मिळून.”

सुनेला काहीतरी बोलायचं होतं. चुकले, एवढं तरी. पण ते दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसासमोर बोलायला तिची जीभ उचलेना, आणि याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

“आता ते जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “झालं ते झालं. मला एकच सांगा, आणि दोघांनी खरं सांगा. मी परत तळ्यापर्यंत चालत जाईन का?”

त्या वयात खुबा मोडलेल्यांपैकी किती जण पुन्हा पहिल्यासारखे चालतात, याचे आकडे सुनेला तोंडपाठ होते. तिने तो पेपर स्वतः शिकवला होता. सासऱ्यांना पेपरची गरज नव्हती, त्यांनी असे पेशंट आयुष्यभर पाहिले होते. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोघंही काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. जरा वेळ वाट पाहिली. मग “बरं,” म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.